वऱ्हाडाची तोंडी परीक्षा

अमरावती ते अकोला या महामार्गावरचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आम्हा वऱ्हाडी माणसांना या विक्रमाचं भारी अप्रूप वाटलं. कारण एवढ्या वेळात आमच्याकडे एक सोयरीक धड बोलून होत नाही. मुलाकडची मंडळी येतात. पाऊसपाण्याचं बोलतात. कापसाच्या भावाचं बोलतात. गेल्या दिवाळीपासून कोण कोण वारलं त्याची उजळणी होते. जेवणं होतात, पान होतं, आणि मंडळी चपला पायात सरकवत असताना कुणीतरी सहज म्हणतं, "मंग, पोरीचं काय म्हनता?" खरी बोलणी तिथून पुढं.

अशा मुलखात बोलायला शिकवण्याचे वर्ग निघाले आहेत. त्यांना 'संभाषण कौशल्य' म्हणतात, 'कम्युनिकेशन स्किल्स' म्हणतात, आणि फी जरा जास्त असेल तर 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' म्हणतात. अमरावतीत राजकमल चौकातून गाडगेनगरापर्यंत जा, नाहीतर अकोल्यात टॉवर चौकातून जठारपेठेपर्यंत. विजेच्या खांबावर सुटाबुटातला एखादा तरुण हाताची घडी घालून उभा असतोच. फोटोतला हा तरुण बोलत कधीच नाही, नुसता हसतो.

खाजगी वर्गांचं सोडा. खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगानं बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. कल्पना मूळची अमेरिकेतली. तिथं १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं: गावातल्याच पोरांनी गावातच शिकावं, थोडक्या पैशात शिकावं आणि कामाला लागावं. आपल्याकडे अभ्यासक्रमाची वाटणी अशी झाली की साठ टक्के हाताचं कसब आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षण. या चाळीस टक्क्यांत आमचं संभाषण कौशल्य बसलं. पुढं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि कोपऱ्यात बसलेला हा विषय 'क्षमतावर्धन' अशी पाटी लावून पदवीच्या सगळ्याच वर्गांत मांडी घालून बसला.

माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून संभाषण कौशल्याच्या तोंडी परीक्षांना मला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावणं येतं. मानधन सांगण्यासारखं नसतं, पण नाश्त्याला आलूबोंडा असतो आणि वर तर्री असते. कॉलेजांची नावं मी सांगणार नाही. सांगितली तर पुढच्या वर्षीची तर्री धोक्यात येईल.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टेल मी अबाउट युवरसेल्फ." हा प्रश्न ऐकला की पोरगं ताठ होतं, मान वर करतं आणि छताकडं बघत सुरू होतं. "माय सेल्फ अमुक तमुक. आय ॲम कम फ्रॉम दर्यापूर. माय हॉबीज आर रीडिंग बुक्स अँड लिसनिंग म्युझिक." माझ्यासमोर आजवर आलेल्या सगळ्या पोरांचे छंद हेच आहेत. शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं असं विचारलं की पोरगं छतावर उत्तर शोधायला लागतं. छतावर पंखा असतो. तोही बंद असतो.

हेच पोरगं संध्याकाळच्या एस्टीत दर्यापूरला निघतं, आणि शेजारी बसलेला धोतरवाला म्हातारा त्याला विचारतो, "कोनाचा बे तू?" आता पाहा. पहिल्या मिनिटात गाव, आडनाव आणि आज्याचं नाव निघतं. दुसऱ्या मिनिटात वावर किती, कोरडवाहू की ओलिताचं, विहिरीला पाणी कुठवर, हे निघतं. तिसऱ्या मिनिटात मोठ्या बहिणीला कुठं दिली ते निघतं, आणि बस वलगावच्या पुढं जायच्या आत असं सिद्ध होतं की म्हाताऱ्याची मेहुणी आणि या पोराची आत्या एकाच गल्लीत दिलेल्या आहेत. म्हातारा खिशातून शेंगदाणे काढून त्याच्या हातावर ठेवतो. मोठमोठ्या कंपन्यांना जी माहिती काढायला तीन फेऱ्या आणि एक सल्लागार लागतो, ती इथं एका तिकिटात निघते. आणि एवढ्या सगळ्या वेळात पोरगं छताकडं एकदाही बघत नाही.

संभाषण कौशल्याच्या वर्गात एक स्लाइड असतेच असते. तिच्यावर एक गोल असतो, गोलाचे तीन तुकडे असतात आणि त्यांवर आकडे असतात: शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. म्हणजे माणूस काय बोलतो याला फारशी किंमतच नाही. हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले. ते प्रयोग होते आवडनिवड आणि भावना कळण्यापुरते, तेही सुट्या शब्दांवर. हे आकडे सरसकट सगळ्या बोलण्याला लावू नका असं खुद्द मेहरेबियननी सांगून ठेवलं आहे. पण स्लाइडला कान नसतात.

हा हिशेब खरा धरला तर फोनवर माणसाचे ५५ टक्के जागच्या जागी बाद. अकोल्याला रतनलाल प्लॉटमध्ये माझी एक चुलतबहीण राहते. तिला हे सांगून पाहा. ती फोनवरून कांद्याचा भाव सांगते तेव्हा तिच्या भुवया मला अमरावतीत दिसतात. सुनेबद्दल ती एक शब्द बोलत नाही, नुसतं "चालू हाये बाप्पा" म्हणते, आणि त्या तीन शब्दांत स्वयंपाकघराची वाटणी, टीव्हीचा रिमोट आणि दिवाळीच्या साडीचा रंग असं सगळं येतं. शब्दांचे ७ टक्के तिनं वापरलेच नाहीत, देहबोलीचे ५५ दिसले नाहीत, तरी मजकूर शंभर टक्के पोचला. मेहरेबियननी अकोल्याला यायला पाहिजे होतं.

देहबोलीचा धडा तर आमच्या पोरांच्या जिवावरच येतो. "हात टेबलावर स्थिर ठेवा," असं पुस्तकात लिहिलेलं असतं. वऱ्हाडी माणसाचं निम्मं व्याकरण हातात असतं. पऱ्हाटीवर अळी पडली हे सांगताना त्याची बोटं वळवळतात, गारपीट सांगताना दोन्ही हात डोक्यावर जातात आणि व्यापाऱ्यानं काटा मारला हे सांगताना एक पंजा आपोआप खाली झुकतो. हात टेबलावर ठेवले की अळी मरते, गार विरघळते आणि व्यापारी निर्दोष सुटतो. पोरगं गप्प बसतं. मग गुणपत्रिकेवर आत्मविश्वासाच्या रकान्यात १० पैकी ४ पडतात.

यानंतर 'ग्रुप डिस्कशन'. आठ पोरं अर्धवर्तुळात बसवतात आणि विषय देतात, 'सोशल मीडिया : शाप की वरदान'. पहिला म्हणतो, "ॲज पर माय ओपिनियन, इट इज बोथ." दुसरा म्हणतो, "आय ॲग्री विथ माय फ्रेंड." तिसरा दुसऱ्याशी सहमत होतो, चौथा तिसऱ्याशी, आणि आठव्यापर्यंत येता येता सगळे एकमेकांशी इतके सहमत झालेले असतात की चर्चा कशावर होती हे मलाही आठवत नाही. मग मधली सुट्टी होते. हेच आठ जण फाटकाबाहेरच्या पानठेल्यावर जातात आणि तिथं कापसाच्या हमीभावाचा विषय निघतो.

"व्यापाऱ्यानं काय भाव देल्ला मंग तुह्या बापाले?"

"काय देते बे थो? ओला हाये म्हने, कवडी हाये म्हने!"

"तं मंग खरेदी केंद्रावर काऊन नाई नेला?"

"गाडीभाडं तुह्या मामानं द्यायचं काय?"

आठही जण एकाच वेळी बोलतात आणि आठही जणांना आठही जणांचं ऐकू येतं. आकडे तोंडपाठ असतात, क्विंटलचे, पायलीचे, मजुरीचे. एक जण सरकारची बाजू घेतो, कारण कुणीतरी घ्यायला पाहिजे. पानठेलेवाला चुना लावता लावता मध्येच म्हणतो, "थांब बे, त्याले बोलू दे," आणि सगळे थांबतात. पुस्तकात ज्याला नेतृत्व, मुद्देसूदपणा, सौम्य असहमती आणि सूत्रसंचालन म्हणतात ते सगळं तिथं उधारीवर चालू असतं. मी ते खिडकीतून पाहतो. गुण मात्र आतल्या चर्चेला द्यावे लागतात, कारण गुणपत्रिकेवर पानठेल्याचा रकाना नाही.

पुस्तकातला 'संभाषणाचा समारोप' हा पाठही असाच. दोन मिनिटांत आभार माना, पुढच्या भेटीचा दिवस ठरवा आणि निघा, असं त्यात आहे. आमच्याकडे समारोपाच्या चार पायऱ्या आहेत. पहिला "चाल्लो मंग" खुर्चीत बसून होतो. त्यावर घरधनी म्हणतो, "बसा नं बाप्पा, कुठी पयून रायले?" दुसरा ओसरीवर उभ्यानं होतो. तिसरा फाटकाशी, कडीवर हात ठेवून. चौथा गाडीला किक मारल्यावर. आणि चौथ्या पायरीवर, गाडी फटफटत असताना, पाहुणा आवाज खाली आणून म्हणतो, "थे बँकेचं पत्र आल्तं मले. नोटीस म्हनते." गाडी बंद होते. दोघंही परत आत जातात. तासभर जे बोलणं झालं ते या एका वाक्याला जागा करून देण्यासाठी होतं.

वऱ्हाडी बोलण्याची ही रीत बाहेरच्या माणसाला कळत नाही. मुद्दा आमच्याकडे शेवटी येतो. आधी माणूस माणसाला ओळखतो, मग त्याच्या घरचं विचारतो, मग पावसाला शिव्या देतो, आणि समोरचा आपला आहे अशी खात्री पटली की पोटातलं ओठावर आणतो. पानठेल्यावर ही रीत चालते, एस्टीत चालते, ओसरीवर चालते. चालत नाही ती एकाच जागी. टेबलासमोर.

टेबल तहसीलात असतं, बँकेत असतं, दवाखान्यात असतं आणि मुलाखतीच्या खोलीत असतं. टेबलाच्या पलीकडचा माणूस वर न बघता म्हणतो, "बोला." बस्स. ना गाव विचारलं, ना पाणी. गावात ज्याच्या बोलण्यापुढं सरपंच गप्प बसतो, तो गडी इथं दुपट्ट्याचं टोक चाळवत म्हणतो, "साहेब, थे... म्हंजे..." आणि त्याची गाडी बंद पडते. तो मुद्द्याकडं निघालेला असतो. पण मुद्दा चौथ्या पायरीवर आहे आणि टेबलावर पहिल्या पायरीलाच "नेक्स्ट" होतं.

पीकविम्याचंच घ्या. गारपिटीसारखं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, असा नियम होता. ७२ तास हे वऱ्हाडी माणसाच्या हिशेबानं फार तर "राम राम" पर्यंत जायला पुरतात. त्यात फोन लावला तर पलीकडं यंत्र बोलतं: मराठीसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा. आमच्या गावाकडचे एक आजोबा त्या यंत्राला म्हणाले, "बाई, दाबतो नं, पन तू कोन्या गावची?" बाई काही बोलली नाही. आजोबांना तिचा राग आला नाही. ते म्हणाले, "इचारी कामात असन."

म्हणून या वर्गांची गरज आहे, हे मी कबूल करतो. वर्गाच्या निकालाबद्दल मात्र माझं वेगळं म्हणणं आहे. पोराला टेबलासमोर बोलता येत नाही याचा अर्थ त्याला बोलता येत नाही असा आपण लावून घेतला आणि त्याला पहिल्यापासून बोलायला शिकवायला बसलो. तो पहिली गोष्ट काय शिकला, तर आपण आजवर बोलत होतो ते बोलणं नव्हतं. मग जे चाललं होतं तेही बंद झालं.

आणि हे कुठं, तर या मुलखात! अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं. मराठी गद्याचं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे मुळात बोलणं आहे. चक्रधरस्वामी काय म्हणाले, कुणाला म्हणाले, तेव्हा समोरच्यानं काय उत्तर दिलं, हे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून, पडताळून लिहून काढलं. ते टेबल मांडून बसले असते आणि "नेक्स्ट" म्हणत राहिले असते तर दोन पानांच्या पुढं पुस्तक गेलं नसतं. स्वामी स्वतः गुजरातेतले, पण बोलले मराठीत. त्यांच्या मागं पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना विद्वान शिष्य संस्कृतात प्रश्न विचारायला लागले, तेव्हा त्यांनी मराठीत विचारा म्हणून बजावलं. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथल्या तोंडी परीक्षेला तरी पोरांनी छताकडं बघू नये, एवढीच अपेक्षा.

बरं, जुनं राहू द्या. आमच्या अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ सालचा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. कीर्तनाला उभे राहिले की हजारांचा जमाव, आणि बाबा काय करत? प्रश्न विचारत. कर्ज काढून सण करता का, पोराला शाळेत घालता का, देवापुढं बकरं कापता का, असे साधे प्रश्न, अस्सल वऱ्हाडीत. विचारून थांबत. लोकांकडून उत्तर आलं की त्या उत्तराच्या शेंडीला धरून पुढचा प्रश्न. आजचे प्रशिक्षक 'ऑडियन्स एंगेजमेंट' आणि 'पॉज' यांची वेगवेगळी फी घेतात. बाबा हे सगळं हातात खराटा घेऊन करत, आणि कीर्तनाआधी गावही झाडून काढत. मुंबईला गेले तरी बोली बदलली नाही. मुंबईच्या लोकांना सगळं समजलं.

आणखी एक गंमत. डेल कार्नेगी हे या सगळ्या वर्गांचे मूळपुरुष. त्यांनी न्यूयॉर्कच्या वाय.एम.सी.ए.त भाषणकलेचा पहिला वर्ग घेतला तो १९१२ साली. त्याच साली अकोल्याला मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष हरि नारायण आपटे. म्हणजे न्यूयॉर्कात माणसं बोलायला शिकत होती तेव्हा अकोल्यात माणसं ऐकायला जमली होती. कार्नेगींचा वर्ग पुढं जगभर गेला. ऐकण्याचा वर्ग मात्र अजून कुणी काढलेला नाही, कारण त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

आता वऱ्हाडीला मान मिळाला आहे असं लोक सांगतात. मिळाला आहे, पण हसण्यापुरता. भारत गणेशपुरे टीव्हीवर वऱ्हाडीत बोलले की पुण्या-मुंबईची घरं हसून लोळतात. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची 'मिर्झा एक्स्प्रेस' गावोगाव हाऊसफुल्ल धावली. वर्ध्याच्या नितेश कराळे मास्तरांनी तर करोनाच्या काळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास याच बोलीत ऑनलाइन शिकवला, आणि पुस्तकी मराठीत ज्यांना झोप यायची ती पोरं जागी झाली. हे सगळं खरं. पण मुलाखतीच्या खोलीत एखादं पोरगं "मले वाटते" म्हणालं, की समितीतला एक जण दुसऱ्याकडं बघून गालात हसतो. विनोद म्हणून चालते, अर्ज म्हणून चालत नाही, अशी वऱ्हाडीची सध्याची अवस्था आहे. ज्यांना ही बोली हसायचीच वाटते त्यांनी उद्धव शेळक्यांची १९६० ची 'धग' काढून वाचावी. त्यातली कौतिक पानोपानी वऱ्हाडी बोलते. एकदाही हसू येत नाही.

इथवर वाचून वर्गच बंद करा असं मी म्हणतो आहे, असा कुणाचा समज व्हायचा. तसं नाही. गेल्या काही वर्षांत या परीक्षांत मला एक गोष्ट दिसली आणि तिनं माझी बोलती बंद केली. वऱ्हाड बोलकं, वऱ्हाड बोलकं म्हणून मी वर जे सगळं सांगितलं, त्यातली माणसं पुन्हा मोजा. पानठेल्यावरचे आठ जण, एस्टीतला म्हातारा, गाडीला किक मारणारा पाहुणा, आजोबा. बाई एकच, माझी चुलतबहीण, आणि तिला बोलायला फोन लागतो. पारावर बाया नसतात. सोयरिकीत जिचं लग्न ठरतं ती आत चहा करत असते. पोरींना आमच्याकडे बोलता येतं. बोलायची पाळी येत नाही. या वर्गात ती येते. हजेरीपटावर नाव असतं, नावापुढं पाच मिनिटं असतात, आणि त्या पाच मिनिटांत कुठल्याही भावाला, काकाला, सरपंचाला मध्ये बोलायची परवानगी नसते.

मूर्तिजापूरकडची एक पोरगी मागच्या परीक्षेला आली होती. तिला मी विचारलं, तुला जमलेला एखादा संवाद सांग. तिनं टेबलावर हात ठेवले आणि लगेच उचललेही. म्हणाली, शिष्यवृत्ती अडकली होती. वडिलांबरोबर बँकेत गेली. वडिलांनी टेबलासमोर "साहेब, यंदा पानी काई..." अशी सुरुवात केली. साहेबांनी मान वर केली नाही. मग ती म्हणाली, "साहेब, माही शिष्यवृत्ती जमा नाई झाली. आधार जोडलं हाये, हे त्याची पावती. कोन्या तारखेले होईन, थे एवढं लिहून द्या." तीन वाक्यं, मुद्दा पहिल्याच वाक्यात, आणि बोली घरचीच. साहेबांनी मान वर केली, संगणकात पाहिलं, आणि चूक कुठं आहे ते सांगितलं. काम मार्गी लागल्यावर वडिलांनी आपली रीत पुढं चालवली: "साहेब कोन्या गावचे म्हना?" साहेब निघाले बाळापूरकडचे. पुढं काय निघालं ते मी सांगत नाही. चहा निघाला एवढं सांगतो.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी विचारलं, "इंग्रजीत सांगता येईल का?" तिनं सांगितलं. इंग्रजी मोडकं होतं, पण मुद्दा पहिल्याच वाक्यात होता. ही पोरगी वर्गात जे शिकायचं ते शिकली आणि घरून जे आणलं होतं तेही तिनं टाकलं नाही. अभ्यासक्रम ज्यांनी बनवला त्यांच्या डोक्यात हेच असावं, असं समजून मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. कॉलेजनं मला विचारलं, एवढे कसे? मी म्हटलं, कमी पडले तर पुरवणी द्या.

तेव्हा मास्तरहो, तुम्हाला हात जोडून एक सांगणं. पहिली फेरी पोरांच्या बोलीत घ्या. पोट मोकळं झालं की दुसरी प्रमाण मराठीत घ्या, आणि तिसरी इंग्रजीत. जो पहिल्या फेरीत बोलला तो तिसऱ्या फेरीतही बोलतो. जो पहिल्याच फेरीत इंग्रजीसमोर उभा केला, तो तिन्ही फेऱ्या छत बघतो. 'सोशल मीडिया : शाप की वरदान' हा विषय आता निवृत्त करा, माझ्यासारखा. त्याजागी सात-बारावरचं नाव दुरुस्त करायला सांगणं, डॉक्टरला नेमकं कुठं दुखतं ते सांगणं, विम्याच्या यंत्राशी बोलणं, मजुरी कमी दिली तर ती मागणं, असे विषय ठेवा. पोरं-पोरींनो, मुद्दा पहिल्या वाक्यात सांगायची सवय लावून घ्या. पानी-पावसाचं नंतर बोलता येतं, ते कुठं पळून जात नाही. आणि हात हलवाच.

शेवटची विनंती विद्यापीठाला. हा पेपर आजवर टेबलाच्या अलीकडच्या माणसानंच दिला आहे. पुढच्या बॅचला पलीकडच्यांनाही बसवा: तहसीलातले, बँकेतले, दवाखान्यातले, आणि मुलाखतीत गालात हसणारे. पेपर शंभर गुणांचा राहू द्या. पन्नास बोलणाऱ्याला, पन्नास ऐकणाऱ्याला. आणि ऐकणारा नापास झाला, तर फेरपरीक्षेची फी बोलणाऱ्याकडून घेऊ नका.